नवी आवृत्ती उपलब्ध आहे

रुधिरमित्रच्या वेबसाइटवर लॉगिन केलं, की क्षितिजाला सगळ्यात वर एक पिवळी पट्टी दिसायची. ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे. कृपया अपग्रेड करा.’ पट्टीच्या कोपऱ्यात छोटी फुली होती. क्षितिजा ती दाबायची, पट्टी जायची, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच. दिवाळीपासून हे चाललं होतं. आता २००८ची होळीही होऊन गेली होती.

क्षितिजा तेंडोलकर आचोळ्याला राहायची. लेकीच्या जन्माआधी ती अंधेरीच्या एका कंपनीत वेबसाइट बनवायची. आता घरूनच कामं घ्यायची. एक दातांचे डॉक्टर, एक कोचिंग क्लास, अर्नाळ्याचं एक रिसॉर्ट. रुधिरमित्रचं काम मात्र ती आपलं म्हणून करायची. लेकीच्या, उन्नतीच्या वेळी बाळंतपणात तिला खूप रक्तस्राव झाला होता, आणि व्हॅलेरियन रुमाव नावाच्या एका अनोळखी माणसाने फोनवर फोन करून तिच्यासाठी रक्तदाते उभे केले होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले हे वसईचे काका वर्षानुवर्षं हेच करत आले होते. कुणाचा रक्तगट कुठला, कोण कुठे राहतो, सगळं तोंडपाठ. “पण आता डोकं पूर्वीसारखं चालत नाय, बाय,” असं ते एकदा म्हणाले, तेव्हा क्षितिजाने त्यांना वेबसाइट करून दिली. रक्तगट निवडायचा, नायगाव ते विरार यांतलं ठिकाण निवडायचं, की जवळचे रक्तदाते समोर. त्यांची नावं आणि फोन नंबर फक्त पासवर्ड असलेल्या कार्यकर्त्यांना दिसायचे.

साइटच्या मुळाशी एक सीएमएस होती. पानं, माहिती, पासवर्ड असं सगळं सांभाळणारी, जगभर फुकट मिळणारी तयार यंत्रणा. नवी आवृत्ती तिची आली होती. पण रक्तदाते शोधणारा भाग वेगळा होता. तो क्षितिजाच्या जुन्या ऑफिसातल्या हितेशने जुन्या आवृत्तीसाठी लिहून दिला होता, आणि हितेश कॅनडाला गेल्यापासून मेलला उत्तर देईनासा झाला होता.

क्षितिजाने घरच्या कॉम्प्युटरवर साइटची एक नक्कल करून तिच्यावर अपग्रेड करून पाहिलं. साइट छान उघडली. मग तिने शोधायच्या चौकटीत ‘ओ निगेटिव्ह’ निवडलं आणि यादी आली ती लांबलचक. ओ निगेटिव्हचे लोक इतके नव्हतेच. तिने एकेक नाव तपासलं. निम्म्याहून जास्त ओ पॉझिटिव्ह होते. नवी आवृत्ती सुरक्षेसाठी अधिक-उण्याच्या खुणा गाळून टाकत होती, आणि त्या खुणांखेरीज हितेशच्या प्रोग्रॅमला दोन्ही गट सारखेच.

चुकीचं रक्त कुणाला चढणार नाही, रक्तपेढीत तपासतातच, हे तिला ठाऊक होतं. पण कार्यकर्त्याने त्या यादीवरून दिलेला माणूस एखादा नवरा शोधणार, त्याला रिक्षात घालून घेऊन जाणार, आणि तिथे कळणार की हा नाही चालत. तोवर बाई टेबलावर. टेबलावरून छताकडे बघत पडलेली बाई क्षितिजा स्वतः होऊन गेली होती.

“मग कधी करायचं म्हणतेस?” व्हॅलेरियनकाका फोनवर विचारायचे.

“परीक्षा संपू दे काका. मग जरा धावपळ कमी असते.”

परीक्षा संपत आल्या. मे महिन्यात लोक गावी जातात, रक्तदाते आधीच कमी, तेव्हा साइट बिघडून चालणार नाही. पावसाळ्यात डेंग्यू. गणपतीत शिबिरं. कॅलेंडरवर सोयीचा दिवस शोधायला ती बसली, की प्रत्येक महिन्यात कुणीतरी मरायला टेकलेलंच दिसायचं.

नव्या आवृत्तीसोबत एक टिपण आलं होतं. ‘आधीच्या आवृत्तीत सभासदांची खासगी माहिती पासवर्डशिवाय उघडता येते. त्वरित अपग्रेड करावे.’ ते तिने वाचलं होतं. वसईतल्या रक्तदात्यांची माहिती उघडून बघायला कोण येतंय, असंही तिच्या मनात आलं होतं.

एप्रिलमधल्या एका सकाळी सुझानचा फोन आला. सुझान डाबरे तुळिंजला राहायची, शाळेत शिकवायची. घरी ती आणि तिची आजारी आई, दोघीच. ओ निगेटिव्ह रक्तगटाची, बोलावलं की येणारी मुलगी.

“ताई, माझा नंबर तुम्ही कुणाला दिलात का?”

“पेशंटच्या नातेवाइकांना दिला असेल काकांनी. का गं?”

“हा नातेवाईक नव्हता.” सुझान हळू बोलत होती, आई शेजारच्या खोलीत असावी. “आवाज एकदम सभ्य. मला म्हणाला, सुझान मॅडम, तुमचा रक्तगट ओ निगेटिव्ह ना, नोव्हेंबरात दिलं होतंत. मी म्हटलं हो, कुणाला हवंय? तर म्हणाला, मलाच. मी घरी येतो घ्यायला. दुसरा मजला ना? बिल्डिंगचं नाव सांगितलं त्याने, ताई. आणि म्हणाला, घरात पुरुषमाणूस नाही, तेव्हा घाबरू नका, मी आहे.”

क्षितिजाने विचारलं, “परत आला फोन?”

“रोज येतोय. नंबर वेगळा असतो. काल मी उचलला नाही, तर आईच्या मोबाइलवर आला. तो नंबर मी तुमच्या साइटवर दिलाय, घरचा दुसरा नंबर म्हणून. आणखी कुठेच दिलेला नाही.”

फोन ठेवून क्षितिजा कॉम्प्युटरपाशी गेली. सर्व्हरवर कोण कधी काय उघडतं याची नोंद राहते. ती नोंद तिने उघडली आणि खाली खाली जात राहिली. एकाच ठिकाणाहून कुणीतरी रक्तदात्यांची पानं उघडत गेला होता. पासवर्ड कुठेच वापरलेला नव्हता. पानाच्या पत्त्यातला शेवटचा आकडा एकेकाने वाढवत नेला, की पुढच्या माणसाचं पान उघडत होतं. इतकं सोपं. आधी त्याने सगळी पानं उघडली होती. मग काही दिवस काहीच नाही. मग पुन्हा आला होता, आणि या वेळी ठरावीक पानंच. क्षितिजाने ती स्वतः उघडून पाहिली. सगळ्या बायका. सुझान. आचोळ्याची दिपिका. विरारची एक नर्स. आणि त्यांच्यात एक पान तिचं स्वतःचं.

तिचंही नाव होतं यादीत. बी पॉझिटिव्ह, बिल्डिंग, फ्लॅट, घरचा फोन. ‘तुम्ही रक्तदान का करता?’ या रकान्यात तिने हौसेने चार ओळी लिहिल्या होत्या. माझ्या उन्नतीच्या जन्माच्या वेळी अनोळखी लोकांनी मला रक्त दिलं, वगैरे.

ती उठली आणि दाराला कडी लावून आली. नवरा सिद्धेश ऑफिसला गेला होता, मुंबईला. उन्नती शाळेत. तिने सिद्धेशला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. व्हॅलेरियनकाकांना लावला, एंगेज. तिने रिसीव्हर खाली ठेवला आणि ठेवताक्षणी तोच वाजला. काकाच असणार म्हणून तिने लगेच उचलला.

“क्षितिजा मॅडम?”

“कोण?”

“तुम्ही आज बराच वेळ साइटवर आहात.” आवाज खरंच सभ्य होता, बँकेतून बोलल्यासारखा. नंतर तिला कळलं, की साइटवर या घडीला कोण आहे हे कोपऱ्यात दिसायचं; ती सोय तिनेच दिली होती. पण त्या वेळी तिला वाटलं, हा माणूस खिडकीतून बघतोय.

“काय हवंय तुम्हाला?”

“काही नाही. उन्नती कशी आहे? मोठी झाली असेल ना आता.”

तिने फोन आपटला. मग फोनच्या पाठीमागची वायर काढून टाकली. खिडकीचा पडदा ओढला. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांमधून कपडे वाळत होते, खाली कुणी भंगारवाला ओरडत होता, आणि त्या रोजच्या आवाजांतला कुठला आवाज त्याचा असेल हे तिला कळेना. मोबाइलवरून तिने शाळेत फोन केला. उन्नतीला माझ्याशिवाय आणि तिच्या बाबांशिवाय कुणाच्याही ताब्यात देऊ नका. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, काही झालंय का. ती म्हणाली, नाही, काही नाही. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

आता विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. साइट बंद करायची, आत्ता. ती खुर्चीत बसली तेवढ्यात लाइट गेली. दुपारचं लोडशेडिंग. पंखा गरगरत थांबला आणि कॉम्प्युटरखालचा यूपीएस टीं टीं करायला लागला. बॅटरी जुनी होती, फार वेळ तग धरणारी नव्हती.

त्याच वेळी मोबाइल वाजला. या खेपेस खरंच व्हॅलेरियनकाका.

“क्षितिजा, विरारला बाळंतीण आहे. रक्त थांबत नाय. ओ निगेटिव्ह पाहिजे, पेढीत एकच बाटली होती, ती चढवली. माझ्याकडचे दोघं बाहेरगावी गेलेत. साइटवर बघ कोण आहे जवळ.”

तिने शोधलं. जुन्या आवृत्तीने अधिक-उणे नीट ओळखून यादी दिली. नायगावपासून विरारपर्यंत मोजकी नावं. एकाने नुकतंच दिलेलं, एकाच्या नावापुढे ‘फोन बंद’ असा शेरा. राहिली सुझान.

“काका, सुझान आहे. पण…” आणि मग तिने एका दमात सगळं सांगितलं. सुझानचे फोन, नोंदीतली पानं, मघाचा आवाज. “दोष साइटचा आहे काका. मला माहीत होता. मी अपग्रेड पुढे ढकलत राहिले.”

यूपीएस वाजतच होता.

“ते मागाहून बघू,” काका म्हणाले. “आधी दार बंद कर, ज्यातून तो येतो ते. सुझानला फोन तू लाव. अनोळखी नंबर ती उचलायची नाय. तिला सांग, मी स्वतः न्यायला येतो. खाली उभं राहून हाक मारीन, माझा आवाज ती ओळखते. लहानपणापासून चर्चमध्ये मोठ्याने गातो मी, सगळे वैतागतात.”

क्षितिजाने सर्व्हरवरच्या मुख्य फोल्डरचं नाव बदललं. एवढं केलं की साइट कुणालाच सापडत नाही. ‘जतन करत आहे’ असं म्हणत चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. टीं टीं आता न थांबता होऊ लागली. चक्र थांबलं, नवं नाव दिसलं, आणि पडदा काळा झाला. बदल खरंच झाला, की दिसला तेवढाच? तपासायला वीज नव्हती. तिने विरारच्या कोचिंग क्लासच्या मालकांना मोबाइलवर गाठलं आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर रुधिरमित्र उघडायला सांगितलं.

“काही येत नाहीये मॅडम,” ते म्हणाले. “पान सापडत नाही म्हणतंय. बिघडली का तुमची साइट?”

“हो,” क्षितिजा म्हणाली. “बरं झालं.”

मग तिने सुझानला फोन केला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला, पण पलीकडून कुणी बोलेना, नुसता श्वास.

“सुझान, मी क्षितिजा. रक्त हवंय, विरारला. तुला यायला भीती वाटत असेल तर नाही म्हण, मी काही म्हणणार नाही.”

“ताई, हे खरंच आहे ना?” सुझानने विचारलं. “खरंच बाळंतीण आहे ना? म्हणजे तो मला खाली बोलवायला कुणाकडून तरी…”

त्या माणसाने काही न करता एवढं करून ठेवलं होतं. मदतीची हाक आली, तर ती खोटी असेल असं वाटायला लावलं होतं.

“खरं आहे. व्हॅलेरियनकाका येतायत स्कूटरवरून. त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय दार उघडू नकोस. आईपाशी शेजारच्यांना बसव.”

आत आईशी बोलल्याचा आवाज आला. मग सुझान म्हणाली, “मी कपडे बदलते.”

क्षितिजा शाळेत गेली, उन्नतीला वेळेआधीच घेऊन आली. रस्त्यात मागून चालणाऱ्या प्रत्येक माणसाला तिने आधी पुढे जाऊ दिलं. घरी आल्यावर वीज येईपर्यंत ती लेकीला मांडीवर घेऊन, बंद पडद्याच्या खोलीत उकडत बसून राहिली. उन्नती विचारत होती, आपण खिडकी का नाही उघडत.

वीज आली. तिने कॉम्प्युटर लावला, साइटवरच्या सगळ्या माहितीची प्रत उतरवून घेतली आणि अपग्रेडला हात घातला. फाइली चढायला लागल्या. लोडशेडिंगच्या काळात वीज कधी पुन्हा जाईल याचा नेम नाही. निम्म्या जुन्या, निम्म्या नव्या फाइली अशी साइट कुणाच्याच कामाची उरली नसती. पण तसं झालं तरी चालेल, असं तिला वाटलं. मोडलेली साइट बंद तरी असते.

वीज गेली नाही. नवी आवृत्ती चढली, आणि पडद्यावर तो प्रश्न आला ज्याच्यासाठी तिने इतके महिने घालवले होते. हितेशचा शोधायचा भाग सुरू करायचा का? त्याला दुरुस्त करायला वेळ लागला असता, पण आता तिला तो रस्ताच नको होता. नावं, पत्ते, मजले, रकान्यांतल्या हौसेच्या ओळी हे सगळं इंटरनेटवर असायलाच कशाला हवं होतं? तिने तो भाग उडवला. साइटवर एकच पान ठेवलं: रक्त हवं असल्यास या नंबरवर फोन करा. खाली काकांचा नंबर. माहिती तिच्या आणि काकांच्या घरी राहणार, नेटपासून लांब.

काकांचा फोन आला तेव्हा ऊन उतरलं होतं.

“दिलं पोरीने. आता चहा पितेय. मुलगी झाली त्या बाईला. डॉक्टर म्हणतात रक्तस्राव थांबलाय, पण उद्यापर्यंत काय सांगता येत नाय.” मग म्हणाले, “सुझान वाटभर मागे वळून बघत होती, बाय. मला घट्ट धरून. मीसुद्धा बघायला लागलो, बोल आता.”

ती बाळंतीण वाचली. चौकीवर तक्रार द्यायला सिद्धेश, सुझान आणि क्षितिजा तिघं गेले. तिथल्या बाई सबइन्स्पेक्टरनी नीट ऐकून घेतलं, नंबर काढले. सगळे रेल्वे स्टेशनाबाहेरच्या, एक रुपया टाकून बोलायच्या सार्वजनिक फोनच्या डब्ब्यांचे निघाले. वेबसाइट उघडली होती तो पत्ता एका सायबर कॅफेचा, तिथे रोज किती लोक येऊन जातात. माणूस सापडला नाही. सुझानने स्वतःचं आणि आईचं सिम बदललं, फोन बंद झाले. तो कोण होता, कुठे राहत होता, तिकीट काढताना रांगेत पुढे उभा होता का, हे त्यांना कधीच कळलं नाही.

सगळ्यात अवघड काम राहिलं होतं. यादीतल्या प्रत्येक बाईला फोन करून सांगायचं, की तुमची माहिती बाहेर गेली आहे. काका म्हणाले, मी करतो. क्षितिजा म्हणाली, नाही, मीच करणार. विरारची नर्स तिच्यावर खूप चिडली, आणि क्षितिजाने ऐकून घेतलं. बऱ्याच जणींनी नाव काढायला सांगितलं. काही जणींना ती काय सांगतेय हेच नीट कळलं नाही.

आचोळ्याच्या दिपिकाने मात्र तिला शेवटपर्यंत बोलू दिलं.

“दिपिका, ऐकू येतंय ना?”

“मला शिमग्यापासून फोन येतायत,” दिपिका म्हणाली. ती बाजारातल्या पार्लरमध्ये काम करायची. “घरी सांगितलं नाही. नवरा म्हणेल, तुझा नंबर त्याच्याकडे आला कसा. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. कोणाशी तरी हसून बोलले असेन.” मग ती रडायला लागली. “म्हणजे माझी चूक नव्हती ना?”

“नव्हती,” क्षितिजा म्हणाली. “अजिबात नव्हती.”

“नाव काढून टाका, ताई. पण बी निगेटिव्ह लागलं तर मला कळवा. फोन नका करू, मी उचलणार नाही. पार्लरमध्ये या.”

गणपतीनंतर एका डेंग्यूच्या पेशंटसाठी बी निगेटिव्ह लागलं, तेव्हा क्षितिजा छत्री घेऊन बाजारातून चालत गेली. तिने काचेचं दार ढकललं, तशी दिपिका दचकून वळली. क्षितिजाला ओळखल्यावर तिने हातातला दोरा बाजूला ठेवला, खुर्चीतल्या बाईंना म्हणाली, “तुमची दुसरी भुवई सुनीता करेल हं,” आणि चपला घातल्या.

दोघी रस्त्यावर आल्या. रिक्षात बसायच्या आधी दोघींनीही वाकून रिक्षावाल्याचा चेहरा नीट बघून घेतला.